नकलेचा बाजार आणि श्रमाचा दाम

संगणकावरील खेळाची नक्कल विकणाऱ्यास चोर म्हटले की विषय संपला, असे पुष्कळांस वाटते. पण ही चोरी फोफावते का, हा प्रश्न उरतोच. पोलंडचा इतिहास त्यावर प्रकाश टाकतो.

१९८० नंतरच्या दशकात तेथे पाश्चात्त्य खेळ दुकानांत सहसा मिळत नसत. मिळाले तरी पगारात परवडत नसत. मग कॅसेटवरून कॅसेट उतरे आणि वॉर्सातील बाजारात उघड विकली जाई. संगणक-कार्यक्रमांना स्पष्ट संरक्षण देणारा कायदा १९९४ साली झाला. त्याच वर्षी, या बाजारातच व्यापार शिकलेल्या मार्चिन इविन्स्की व मिहाव किचिन्स्की या मित्रांनी ‘सीडी प्रॉजेक्ट’ कंपनी काढली. १९९९ साली त्यांनी ‘बॉल्डर्स गेट’ हा खेळ पोलिश भाषेत, नामवंत नटांच्या आवाजात, नकाशा व पुस्तिकेसह विकावयास काढला. नकलेहून तो महाग होता. तरी लोकांनी तो आपखुशीने घेतला.

खेळ रचणाराही श्रमिकच आहे. नकलेने त्याचा दाम बुडतो. पण घेणाऱ्याचा पगार तोकडा असता त्यास नुसता नीतिपाठ देऊन भागत नाही. कायदा हवाच, त्याच्या जोडीला गिऱ्हाइकाची भाषा आणि पैशाचा पुरता मोबदलाही हवा.