११७ मैल सूत आणि एक हातमोजा

एक पौंड सूत. लांबी ११७ मैल.

हा आकडा चांदा जिल्ह्याचा आहे, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून जो जिल्हा होता त्याचा. १८६० च्या दशकात नागपुरात एक मोठं प्रदर्शन भरलं. त्यात चांद्याहून आलेली हातकताईच्या सुताची एक लड होती. ती इतकी बारीक होती की एक पौंड वजनाचं सूत उलगडलं तर ११७ मैल जाईल, असा हिशोब इंग्रजांनी मांडला आणि तो गॅझेटियरमध्ये नोंदवून ठेवला. ११७ मैल म्हणजे साधारण १८८ किलोमीटर. चंद्रपूरहून एक टोक धरून निघालात तर नागपूर मागे टाकूनही हातात धागा शिल्लक राहील. आणि हे सगळं अर्ध्या किलोपेक्षा कमी कापसात.

सुताचा बारीकपणा 'नंबर'मध्ये मोजतात. एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात, तो नंबर. जीन्सच्या कापडाचं सूत साधारण ७ ते १० नंबरचं असतं, चांगल्या शर्टाचं ४० ते ८०. चांद्याच्या त्या लडीचा नंबर मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर काढला. २४५ आला. आधी वाटलं मैल आणि यार्डात काही घोळ झाला असेल, म्हणून पुन्हा केला. तेवढाच आला.

ते सूत कोणी कातलं, तिचं नाव कुठेच नाही. 'तिचं' म्हणतो, कारण कातणं हे घरोघरच्या बायांचं काम होतं आणि मागावर कापड विणणं कोष्टी, महार विणकरांचं. प्रदर्शनातल्या लडीला जिल्ह्याचं नाव मिळालं, मापाला मैल मिळाले. कातणारीला दिवसाचे किती मिळत होते, हे त्या आकड्याशेजारी कोणी लिहिलं नाही.

पुढचं आपल्याला शाळेतल्या इतिहासामुळे ढोबळमानाने माहीत असतं. १ जानेवारी १८७७ ला, म्हणजे दिल्लीत व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. विलायती सूत त्याच्या आधीपासून येतच होतं. पण एक गोष्ट शाळेत नीट सांगत नाहीत. यंत्राचा पहिला घाव विणकरावर पडला नाही, कातणारीवर पडला. विणकर गिरणीचं स्वस्त सूत आणून हातमागावर पुढची कित्येक दशकं टिकून राहिले. कातणारीकडे विकायला सुताशिवाय दुसरं काहीच नव्हतं. अर्थशास्त्राच्या इतिहासात एक तुलना नेहमी देतात. १०० पौंड कापूस कातायला हाताने ५०,००० तास लागत, १८२५ च्या सुमाराच्या स्वयंचलित यंत्रावर १३५. ही स्पर्धाच नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड थोडं ऑप्टिमाइझ करून भागणारं नव्हतं, आख्खा सर्व्हरच बदलला होता.

आता हातमोज्याकडे येतो.

मराठीत 'विणणे' हे क्रियापद फार उदार आहे. माग, बाज, टोपली, कोळ्याचं जाळं, स्वेटर, सगळं आपण विणतोच. पण मागावरचं विणणं आणि सुयांवरचं विणणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मागावर दोन सुतं लागतात, एक उभं आणि एक आडवं. सुयांवर एकच धागा लागतो. तो स्वतःच्याच फासातून पुढे जात राहतो. म्हणून स्वेटर ताणला जातो, म्हणून एक टाका सुटला की खालपर्यंत ओघळ जातो, आणि म्हणूनच जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीतून धाकट्याचा विणता येतो. आपल्या घरांतून ही शेवटची सोय मागच्या पिढीपर्यंत रोजची होती.

सुयांवरच्या विणकामाचे सर्वांत जुने पक्के नमुने इजिप्तमध्ये सापडले. हजारेक वर्षांपूर्वीचे पायमोजे. गंमत म्हणजे ते लोकरीचे नाहीत, सुती आहेत. तरी आपल्याकडे, कापसाच्या देशात, हे तंत्र घराघरांत रुजलं ते एकोणिसाव्या शतकानंतर, मिशनऱ्यांच्या आणि मग मुलींच्या शाळांमधून. शिवण, भरतकाम, विणकाम हे 'मुलींचे विषय' झाले. सूतकताई ही मजुरी होती, विणकाम मात्र पहिल्या दिवसापासून संस्कार आणि हौस म्हणून आलं. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. हौसेला दर नसतो.

बोटं उघडी ठेवणारा हातमोजाही असाच. त्यात हात ऊबेत राहतो आणि बोटं कामाला मोकळी. युरोपात थंड खोलीत लेखणी चालवणाऱ्यांना तो हवा होता, मासे निवडणाऱ्यांना हवा होता, आणि १९१४ च्या हिवाळ्यात खंदकांत बसलेल्या सैनिकांना हवा होता, कारण बंदुकीचा घोडा ओढायला बोट उघडं लागतं. त्या हिवाळ्यात फ्लँडर्समध्ये हिंदी सैनिकही होते. आपल्याकडची उन्हं अंगात मुरलेली माणसं. त्यांच्यासाठी लंडनमध्ये एक निधी उभारला गेला आणि त्यातून मफलर, मोजे, हातमोजे गेले. ब्रिटनभर बायका विणत होत्या. लाखो तासांचं काम, मजुरी शून्य, आणि वर देशप्रेमाचं प्रशस्तिपत्र.

चंद्रपूर म्हटलं की लोकांना मे महिन्यातल्या पाऱ्याच्या बातम्या आठवतात. त्यात चूक काही नाही. पण डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा १० च्या खाली जातो, जंगलाकडेच्या गावांत जास्तच झोंबतो. हिवाळ्यात आमच्याकडच्या गावांत तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. लहानपणी मला वाटायचं ते दरवर्षी हिमालयातून येतात. त्यांची एक वसाहत आपल्याच झाडीपट्टीत आहे, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ, नॉर्ग्येलिंग, १९७२ पासूनची. आणि ते विकतात त्यातला बराचसा माल लुधियानाच्या यंत्रांवरचा.

माझी काकू मात्र अजून सुयांवर विणते. पुण्यात ऑफिसचा एसी कोणाच्या तरी हट्टाने १८ वर असतो, म्हणून तिने मला बिनबोटांचे हातमोजे विणून दिले. कीबोर्डवर ते अगदी बरे पडतात, फोनही चालतो. टीममधल्या दोघांनी 'आम्हालाही हवेत, पैसे देऊ' म्हटलं. मी काकूला फोन केला तर ती म्हणाली, "पैसे कायले घेऊ बाप्पा त्यायच्याकडून? लोकर तेवढी पाठवून दे."

मग सुट्टीत गेलो तेव्हा मी हिशोब केला. एका हातमोज्याला ४४ टाके, ५६ ओळी. अंगठा धरून जोडीचे साडेपाच हजारांच्या आसपास टाके. काकूचा वेग मिनिटाला २२-२३ टाके, टीव्ही बघत बघत. म्हणजे नुसते टाके ४ तास, आणि टाके घालणं, बंद करणं, टोकं आत घेणं धरून ५. ऑनलाइन यंत्राचे तसेच हातमोजे २०० रुपयांना मिळतात. लोकरीचे ७० वजा केले तर १३० उरतात, तासाला २६ रुपये. आणि काकू म्हणते तेही नकोत. "बसल्या बसल्या तं होते," असं तिचं म्हणणं.

हे 'बसल्या बसल्या' जुनं आहे. आणि त्याच्यावरचा सर्वांत गंभीर वाद आमच्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे, हे मला बरंच उशिरा कळलं.

मूलहून गडचिरोलीकडे जाताना सावली लागतं. आज तालुक्याचं ठिकाण आहे. १९३० च्या दशकात ते अखिल भारतीय चरखा संघाच्या खादीकामाचं मोठं केंद्र होतं. ज्या जिल्ह्यातून ११७ मैलांचं सूत गेलं तिथे आता जाडंभरडं सूत पुन्हा कातलं जात होतं. चरख्यामागचा त्या वेळचा युक्तिवाद असा होता की शेतीचं काम नसतं तेव्हा बाई कातेल, फावल्या वेळात चार पैसे मिळतील. फावला वेळ असल्यामुळे दर कमी असला तरी चालेल. खादी आधीच गिरणीच्या कापडापेक्षा महाग, ती आणखी महागली तर घेणार कोण? परिणाम असा की दिवसभर कातूनही बाईच्या हातात जेमतेम आण्याच्या घरातली रक्कम पडायची.

१९३५ मध्ये गांधींनी हा युक्तिवाद उलटवला. आपण ग्राहकाला स्वस्त देण्यासाठी कातणारीला पिळतो आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. तासभर काम म्हणजे तासभर काम, मग ते कातणं असो की दुसरं काही, बाईचं असो की पुरुषाचं. आठ तासांचे आठ आणे, हे त्यांनी उद्दिष्ट म्हणून मांडलं. खादीचे कार्यकर्ते धास्तावले, आणि त्यांची धास्ती खोटी नव्हती, कारण दुकानाचा गल्ला त्यांनाच मोजायचा होता. ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्याला चरखा संघाने ठराव केला. आठ तासांच्या चांगल्या कामाला इतकी मजुरी मिळाली पाहिजे की कातणारीला शास्त्रीय मापाने पुरेसं अन्न आणि वर्षाला २० यार्ड कापड मिळेल. मला या ठरावातली मांडणी आवडते. बाजारात दर काय आहे, इथून तो सुरू होत नाही. माणसाला जगायला काय लागतं, इथून सुरू होतो आणि मग मागे किमतीकडे येतो. काकूच्या हातमोज्यांचा माझा हिशोब बरोबर उलट्या दिशेने चालला होता.

चारच महिन्यांनी, फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्च १९३६ च्या सुरुवातीला, गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीत भरलं. गांधी तिथे होते. 'गांधीवाद' नावाची काही वस्तू नाही आणि मला मागे कुठला पंथ सोडून जायचा नाही, या अर्थाचं त्यांचं जे विधान पुस्तकापुस्तकांतून फिरत असतं, ते या सावलीतलं. सावलीच्या रस्त्याने मी कित्येकदा एसटीने गेलो असेन, एकदाही कोणी सांगितलं नाही. असो. तिथून दोनेक महिन्यांत ते शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले.

गांधी यंत्राच्या विरोधात होते, असं आम्हा इंजिनियरांना सरसकट वाटतं. त्यांनी काढलेली एक स्पेसिफिकेशन वाचा. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख. अटी अशा: साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालला पाहिजे, बाईला त्यावर आठ तास फार न थकता काम करता आलं पाहिजे, तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचं १६,००० यार्ड सूत निघालं पाहिजे, किंमत १५० रुपयांच्या वर नको, आणि दुरुस्तीचा खर्चही आटोक्यात हवा. यूजर कोण, तिच्या घरात वीज नाही, तिची कंबर दुखते, सुटे भाग कुठे मिळणार, सगळं त्यात आहे. आजही इतकी स्वच्छ रिक्वायरमेंट क्वचित हाती पडते. किर्लोस्कर बंधूंनी एक यंत्र करून पाठवलं होतं. ते अटींत बसलं नाही. बक्षीस कोणालाच मिळालं नाही.

म्हणजे मजुरीचा ठराव आला तो यंत्राचा प्रश्न न सुटल्यानंतर. उत्पादकता वाढवता येत नसेल तर दर वाढवा. पण मग वाढीव किंमत ग्राहकाने द्यायची, आणि ग्राहक एका मर्यादेपुढे देत नाही. स्वातंत्र्यानंतर खादी सरकारी सवलतींवर टेकली ती याच गाठीमुळे, असं माझं मत आहे. २ ऑक्टोबरच्या आसपास दुकानावर लागणारी सूट आठवून बघा.

या जंगलांत हाताने धागा काढणं मात्र अजून संपलेलं नाही. तो कापसाचा नाही, कोशाचा. गडचिरोलीत आरमोरीच्या बाजूला ढिवर कुटुंबं ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात, पाखरं आणि मुंग्यांपासून त्यांची राखण करतात. कोश उकळून मऊ केले की चार-सहा कोशांचे तंतू एकत्र ओढून बाई ते उघड्या मांडीवर वळते. टसरच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या असाच धागा निघतो. फोटोत फार सुंदर दिसतं. मांडीची कातडी सोलवटते, धागा एकसारखा येत नाही. केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचं छोटं यंत्र आणलं आणि मार्च २०२० पर्यंत मांडीवरची कताई देशभरातून बंद करायचं सरकारने जाहीर केलं. तेव्हाच्या सरकारी पत्रकात दोन आकडे होते: मांडीवर धागा काढणारीला दिवसाला साधारण १२५ रुपये मिळतात, यंत्रावर ३५० मिळू शकतात.

हे वाचून मला बरं वाटलं. हाताचं ते सगळं पवित्र, असं मी मानत नाही, आणि ज्यांच्या मांड्या सोलवटत नाहीत त्यांनी तरी मानू नये. फक्त १९२९ च्या अटींशेजारी हे यंत्र ठेवलं तर एक फरक दिसतो. चरखा बाईच्या झोपडीत चालावा ही तेव्हा पहिली अट होती. 'बुनियाद'ची किंमत २५ हजारांच्या घरात आहे. दिवसाला १२५ कमावणारीच्या हिशोबाने ते २०० दिवसांचं काम होतं, तेही एक पैसा न खाता. तिला ३५० मिळतील की नाही, हे ते यंत्र तिच्या पडवीत आहे की दुसऱ्याच्या शेडमध्ये, यावर ठरतं.