मूळ यादी जपणारी मॅप

जावास्क्रिप्टमध्ये गुणांची एक यादी घ्या: ४५, ३२, ७८, ६१. फिल्टरने ३५ च्या खालचे गाळले, मॅपने उरलेल्या प्रत्येकात ५ मिळवले आणि रिड्यूसने बेरीज केली की हाती १९९ येतात. मूळ चार आकडे मात्र जागच्या जागी असतात. फॉर लूपच्या ओळी वाचतात हा वरवरचा फायदा. माझ्या मते या तिन्ही मेथडचं खरं मोल मूळ यादी शाबूत राहण्यात आहे. आणि हा गुण जावास्क्रिप्टला वारशाने मिळालेला आहे.

मॅपचं मूळ लिस्प भाषेत. एमआयटीच्या जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या लिस्पवरील निबंधात मॅपलिस्ट मांडलं: यादी आणि फंक्शन द्या, नवी यादी घ्या. ते फंक्शनच्या हाती दर वेळी उरलेली अख्खी यादी देई. एकेक घटक देणारं मॅपकार पुढे लिस्पमध्येच आलं. रिड्यूसचं घराणं वेगळं. केनेथ आयव्हरसन यांच्या १९६२ च्या पुस्तकातल्या एपीएल भाषेत अधिकचं चिन्ह आणि तिरपी रेघ, एवढ्यावर सगळ्या यादीची बेरीज होते.

१९९५ मध्ये ब्रेंडन आइक नेटस्केप या ब्राउझर कंपनीत आले ते ब्राउझरमध्ये स्कीम, म्हणजे लिस्पच्याच कुळातली भाषा, आणायची या बोलीवर. वरिष्ठांना जावासारखी दिसणारी भाषा हवी होती. दहा दिवसांत उभ्या राहिलेल्या जावास्क्रिप्टने पेहराव जावाचा घेतला, पण फंक्शनच्या हाती फंक्शन देण्याची लिस्पची रीत तिच्यात टिकली. तरी मॅप आली नाही. १९९६ मध्ये आली सॉर्ट, आणि ती मूळ यादीचाच क्रम बदलून टाकते.

मॅप आणि फिल्टर नोव्हेंबर २००५ च्या फायरफॉक्स १.५ मध्ये आल्या. रिड्यूस २००८ मध्ये, फायरफॉक्स ३ बरोबर. डिसेंबर २००९ मध्ये जावास्क्रिप्टच्या एक्मास्क्रिप्ट ५ या मानकाने त्या सगळ्या प्रमाण केल्या, आणि २०११ मध्ये त्या इंटरनेट एक्सप्लोरर ९ मध्येही आल्यावर बेधडक वापरण्याची वाट मोकळी होऊ लागली.

सॉर्टचं दुखणं निस्तरायला २०२३ उजाडलं. तिचं वागणं बदललं असतं तर तिच्यावर विसंबलेली जुनी वेबपानं मोडली असती, म्हणून टूसॉर्टेड ही वेगळी मेथड आली. ती क्रम लावलेली नवी यादी देते. नवे ब्राउझर गृहीत धरता येत असतील तर तीच वापरा. फक्त आकड्यांसाठी तुलनेचं फंक्शन जरूर द्या; ते नसेल तर आकड्यांची तुलना मजकूर म्हणून होते आणि १०० हा ४५ च्या आधी बसतो.