‘बसल्या बसल्या’ केलेलं काम: बाळाच्या लोकरीच्या दुपट्याची गोष्ट



दुपारी ओट्यावर बसून लोकरीचं टोपडं विणणाऱ्या बाईला विचारा, “काय चाललंय गं?” ती म्हणेल, “काही नाही, बसले आपली.” हातातल्या सुया थांबत नाहीत, आठ दिवसांत बाळाचा अख्खा संच तयार होतो, तरी तिचं उत्तर ‘काही नाही’. हे ‘काही नाही’ आलं कुठून, ते आज बघू. बाळाची दुपटी, टोपडी, मोजे विकायची म्हटली, की दर ठरवताना हाच शब्द आडवा येतो.

लोकर आपल्या घरात आली ती मागाहून. त्याआधी बाळाची ऊब म्हणजे जुन्या लुगड्याचं, धोतराचं दुपटं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, एकावर एक घड्या आणि त्यावर धावदोरा. गोधडीही याच टाक्याची. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची, दुपटी जायची. त्याला किंमत कुणी लावली नाही. लावायची गरजही नव्हती. आज तुझ्या लेकीला मी शिवलं, उद्या माझ्या सुनेला तू शिवशील, अशी ती नात्यातली परतफेड होती.

सुयांवरचं विणकाम मात्र जगात कायम बायकांचंच होतं असं नाही. युरोपात काही शतकांपूर्वी मोजे आणि टोप्या विणणाऱ्या पुरुषांचे संघ होते. आधी उमेदवारी करायची, मग काम करून दाखवायचं, तेव्हा कुठे उस्ताद म्हणवून घेता यायचं. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी मोजे विणायचं यंत्र काढलं. पुढे यंत्रं वाढली, धंदा कारखान्यात गेला आणि हातातल्या सुया हळूहळू घरात, बायकांकडे राहिल्या. म्हणजे तेच काम पुरुष करत होते तेव्हा तो हुन्नर होता. बाईच्या मांडीवर आलं, तेव्हा ते फावल्या वेळचं झालं.

क्रोशाची गोष्ट वेगळी आहे. क्रोशे हा फ्रेंच शब्द, अर्थ लहानसा आकडा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगानं गेलं आणि मोठा दुष्काळ पडला. लाखो माणसं मेली, लाखो देश सोडून गेली. तेव्हा तिथल्या जोगिणींच्या मठांतून आणि शाळांतून बायकांना क्रोशाची लेस शिकवली गेली. एकीनं फूल विणायचं, दुसरीनं पान, तिसरीनं जोडायचं. ती लेस परदेशात विकली गेली आणि कित्येक घरांची चूल पेटली. खरा क्रोशा आजही हातानंच होतो. यंत्रावर निघते ती त्याची नक्कल.

आपल्या महाराष्ट्रातही हातकामाकडे पोटाची सोय म्हणून बघणाऱ्या बाया होऊन गेल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे दुष्काळात सापडलेल्या मुली-बायांना त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आणलं. तिथं अक्षरओळखीसोबत शिवण, विणकाम, छपाई अशी कामं शिकवली. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथंही शिक्षणाच्या जोडीला हाताला काम होतं. विचार सरळ होता: बाईच्या हातात कमाई असली, तर तिला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

पण घराघरांत हे काम वेगळ्याच वाटेनं रुजलं. साखळी, मुका खांब, खांब शिकून मुलगी रुमाल आणि तोरण विणायची ते रुखवतात मांडायला. लोक ‘मुलगी गुणाची’ म्हणायचे, हिशेब तिथंच संपायचा. १९६२ साली चीनशी युद्ध झालं, तेव्हा देशभर बायकांनी सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर विणले. ते देणं मोठं होतं, त्याला मोल लावायचंच नसतं. मात्र जिथं व्यापारी माल नेतो, तिथंही आपण तसंच वागलो तर काय होतं?

त्याचं उत्तर आंध्र प्रदेशातल्या नरसापूरला मिळतं. गोदावरी आपल्या पैठणवरून वाहत जाऊन जिथं समुद्राला मिळते, त्या भागातलं हे गाव. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथं क्रोशाची लेस शिकवली. १९८२ साली मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंचं तिथल्या लेस विणणाऱ्या बायांवर पुस्तक आलं. बाया घरकाम उरकून रोज सहा ते आठ तास लेस विणत होत्या, माल परदेशी जात होता आणि पैसा व्यापाऱ्यांकडे राहत होता. कारण काय? त्या ‘घरी बसणाऱ्या बायका’, त्यांना कामगार कोण म्हणणार! अलीकडे या लेसला भौगोलिक मानांकन मिळालंय. मालाला नाव मिळालं ही आनंदाची गोष्ट, पण विणणारीला काय मिळतं, हा प्रश्न वेगळाच विचारावा लागतो.

आता आपल्याकडे बघा. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, मागोमाग कंपन्या वाढल्या. आठ तासांची शिफ्ट, हजेरी, ओव्हरटाइम हे शब्द आपल्या घरात लहान पोरालाही कळतात. तोच हिशेब सुईला लावू. समजा, बाळाच्या ब्लँकेटला ३०० रुपयांची लोकर लागली आणि २५ तास गेले. ते ५०० ला विकलं. हातात राहिले २००. म्हणजे तासाला ८ रुपये, आठ तासांचे ६४. कंपनीत ६४ रुपये हजेरीवर आपण कुणाला पाठवू का?

आणि हे तास फुकटचे नसतात. २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची २९९ मिनिटं त्यात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. त्यातून काढलेला वेळ आपण विणतो.

म्हणून गटाच्या वहीत लोकरीच्या खर्चाशेजारी तासांचा रकाना आखा. सुई हातात घेतली की वेळ लिहा, ठेवली की लिहा. आयर्लंडच्या बायांसारखी कामं वाटून घ्या, वेळ वाचेल. दर एकटीनं ठरवू नका, बैठकीत ठरवा आणि सगळ्या जणी त्याच दरावर ठाम राहा. नाहीतर एकीचा दर दुसरीला पाडतो.

भाचीच्या बारशाला टोपडं न्यायचं, तर खुशाल मायेनं न्या, तिथं हिशेब नको. दुकानदार शंभर टोपडी मागायला आला, तर तिथं माया नको, वही उघडा. आणि कुणी विचारलं, “काय करतेस गं?” तर सांगा, “काम करतेय.”