ठेचेचा इतिहास

शाळेचा इतिहास लिहायला बरेच जण पुढे येतील, म्हणून मी आपल्या पायांचा लिहितो. करमाडची काळी माती, बांधावरचे बाभळीचे काटे, रुळाकडेची खडी, आणि आपण बहुतेक अनवाणी. ठेच लागली, की चिमूटभर माती दाबायची, नाहीतर दगडी पाला चोळून रस पिळायचा. घरी गेल्यावर हळद.

दगडी पाला, म्हणजेच एकदांडी, आपण आजीच्या बटव्यातली समजतो. पण ती मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या आधी आपल्या बांधावर ती नव्हतीच. परक्या तणाला आपल्या आज्यांनी घरचं औषध करून टाकलं, याचं मला कौतुक वाटतं.

हळद मात्र अस्सल इथली. तरी १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. गंमत म्हणजे ते मिळवणारे दोघे संशोधक भारतीय वंशाचेच. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं. तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळ गोव्यातल्या माशेलचे, स्वतः बाराव्या वर्षापर्यंत अनवाणी हिंडलेले. पण ‘आमच्याकडे हे पोराटोरांनाही ठाऊक आहे’ एवढ्यानं तिथं भागत नाही, लेखी पुरावा लागतो. परिषदेनं जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुढे केला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

शाळेच्या पेटीतलं लाल औषध म्हणजे मर्क्युरोक्रोम. टिंचरइतकं झोंबत नसे, म्हणून आपल्याला प्रिय. त्यात पारा होता, हे कुणाच्या गावी नव्हतं.

यातल्या कशानंही धनुर्वात टळत नव्हता. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि हवा न पोचणाऱ्या जखमेत वाढतात. म्हणजे भळभळणाऱ्या ठेचेपेक्षा काट्याची बारीक, खोल जखम जास्त धोक्याची, आणि रक्त थांबवायला दाबलेली माती हा तर सगळ्यांत वाईट इलाज. जपानच्या कितासातो यांनी हा जंतू १८८९ मध्ये वेगळा केला. लस १९२० च्या दशकात आली. आपल्या देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी शाळकरी मुलांनाही टोचू लागले. जिच्या भीतीनं काही वीर त्या दिवशी शाळेलाच दांडी मारत, ती ही सुई. नावं घेत नाही, मेळाव्याला ते येणारच आहेत.

आता आपल्यातल्या अनेकांना शुगर आहे. तिनं पायाची जाणीव कमी होते, ठेच लागलेली कळतसुद्धा नाही, आणि कळते तेव्हा जखम चिघळलेली असते. अशांनी रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. दिसत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगावं. खरचटलं तर साबण-पाण्यानं धुऊन स्वच्छ पट्टी बांधायची. सूज, काळेपणा किंवा पू दिसला तर हळदीवर न थांबता डॉक्टरांकडे जायचं. तिथं धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारून घ्या. हल्ली टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचीही लस असते.