शिकारकथेचा उत्तरार्ध

अमेरिकेतील 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' हे शिकार आणि मासेमारी यांना वाहिलेले साप्ताहिक. त्याचे संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी 1886 मध्ये त्याच पानांतून पक्षिरक्षणासाठी ऑडुबॉन सोसायटीची हाक दिली. शिकाऱ्यांच्या नियतकालिकाने शिकारीला आवर घालावा, हे वरकरणी विसंगत वाटते. परंतु रान रिते होत चालल्याचे आधी उमगते ते रानात नित्य जाणाऱ्यालाच. मराठीत हे कार्य कोणी केले, असा विचार करू लागलो की आम्हांस बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई आठवते.

मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या या गावी 1983 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. तरुणपणी बंदूक घेऊन रान तुडवलेले आणि पुढे दुर्बीण व वही घेऊन त्याच रानात बसलेले लेखक. त्यांची 'सत्तांतर' ही वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्षाची कादंबरी 1982 ची. तिला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तीत उपदेश नाही. शिकाऱ्याची सावध नजर आहे; फक्त त्या नजरेच्या टोकाशी आता गोळी नाही. आमच्या मते मराठी शिकारकथेचा उत्तरार्ध येथे सुरू होतो.

या उत्तरार्धाची मुळे जुनी आहेत. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' मृगया आणि मत्स्यविनोद यांना राजाच्या करमणुकींत स्थान देतो. माशांच्या जाती आणि त्यांची आमिषे तपशिलाने नोंदवतो. मारण्यासाठी का होईना, पण पाहणे तेथे आहे. पुढच्याच शतकातील 'लीळाचरित्रा'त पारध्यांपुढे धावत आलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली आसरा घेतो आणि स्वामी त्याला अभय देतात. एका परंपरेत ज्ञान आहे, दुसरीत करुणा. माडगूळकरांच्या लेखनात या दोहोंची गाठ पडते.

मात्र इथे एक प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कठोर निर्बंध आणले आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारही संपवली. बंदूकवाल्या हौशी शिकाऱ्याला आठवणी लिहिण्याची वाट मोकळी होती. त्याचा पश्चात्ताप साहित्य ठरला. फासे लावून तितर-ससे धरणाऱ्या फासेपारध्याची मात्र उपजीविकाच गेली. 1871 च्या कायद्याने कपाळी मारलेला गुन्हेगारीचा शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून नाही. पाखराची साद, पायाचा ठसा, विणीचा काळ यांविषयी त्याला जे ठाऊक होते, ते मराठी गद्यात त्याच्या स्वतःच्या शब्दांत फारच थोडे आले.

याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात 1994 मध्ये नायगाव मयूर अभयारण्य घोषित झाले. सुमारे 30 चौरस किलोमीटरच्या त्या माळरानाचे रक्षण कायदा करील. पण रानाची भाषा राखणे हे आपल्या वर्गांचे काम आहे. 'सत्तांतर' शिकवताना, ज्याच्या हाती वही कधी आलीच नाही त्या शिकाऱ्याचीही आठवण विद्यार्थ्यांना करून द्यावी, असे आम्हांस वाटते. त्याची साक्ष नोंदवली गेल्याविना हा उत्तरार्ध पुरा होणार नाही.