गळकं घर, सांगायचं कोणाला?

नागभीडकडे पावसाआधी कवेलू आपणच फेरतो. मुंबईच्या बीडीडी चाळींत रीत वेगळी होती. इंग्रज सरकारने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड इथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. मालक सरकार, राहणारे भाडेकरू. म्हणून छत गळलं की तक्रार सार्वजनिक बांधकाम खात्याकडे जायची.

आपलं घरकुल आपल्या मालकीचं. अनुदान बांधायला मिळतं, डागडुजी आपल्याच माथी. म्हणून आम्ही गटात म्हणतो, बचतीतून दुरुस्तीचे पैसे वेगळे ठेवा. आणि सरकारी खोलीत भाड्याने राहणाऱ्या बहिणींनो, तक्रार लेखी द्या, तारखेची पोच घ्या, भाड्याची पावती जपा.