सात तुकड्यांचं गाव

आमचं जुनं गाव भीमेच्या काठी, पळसदेवच्या अलीकडं. उजनीचं धरण 1980 साली पुरं झालं. आमच्या गावात पाणी त्याच्या आधीच शिरलं. पाणी यायच्या आधीच्या उन्हाळ्यात आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तालुक्याहून फोटोवाला बोलावला. घरात पैशाची ओढ, त्यामुळं आजी चिडली. आबा म्हणाले, "पैका काय, आज हाय उद्या न्हाय. उद्या गाव बघायचं म्हणलं तर काय बघशील?"

फोटोवाला वाड्याच्या माळवदावर चढला. सगळं गाव एका फोटोत मावेना. मग त्यानं स्टँडवर कॅमेरा थोडा थोडा फिरवत सात फोटो काढले. एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे. उरलेले पाच घरच्या माणसांचे काढले.

ही युक्ती जुनीच. फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार 1858 साली लखनौला आला. उठावानंतर उद्ध्वस्त झालेलं शहर त्यानं उंचावरून तुकड्यातुकड्यानं टिपलं आणि प्रिंट शेजारीशेजारी जोडले. पुढं अमेरिकेत 1904 साली सर्कट कॅमेऱ्याचं पेटंट निघालं. तो चावीवर स्वतःभोवती फिरायचा, आत फिल्म त्याच्या जोडीनं सरकायची, म्हणून जोडच नसायचा.

आमच्याकडं जोड होते. आबांनी सातही प्रिंट खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवले. तिसऱ्या फोटोत आजी घागर घेऊन नदीवरनं येताना दिसते. फोटोवाला कॅमेरा फिरवीपर्यंत ती पुढं चालत आली, म्हणून चौथ्यातही ती आहेच. पाचव्या-सहाव्याच्या मध्ये मात्र कॅमेरा जरा जास्तच फिरला आणि शेजारच्या काकूचं घर त्या फटीत गेलं. काकू दरवेळी विचारायची, "मामंजी, आमचं घर कुठाय वो?" आबा जोडावर बोट ठेवायचे, "हितं हाय बघ."

आबा गेल्यावर मी ते सात तुकडे स्कॅन करून संगणकावर जोडायला घेतले. एका फोटोचा साधारण तिसरा हिस्सा शेजारच्या फोटोत आलेला असावा लागतो. दाराचा कोपरा, झाडाचा शेंडा अशा दोन्हीकडं सापडणाऱ्या खुणा धरून संगणक फोटो जुळवतो. पाचव्या-सहाव्यात एकही खूण सापडेना. तिथं पांढरा पट्टाच राहिला. आजी दोनदा येत होती, तर मी एक आजी पुसून टाकली. चित्र कसं स्वच्छ झालं.

आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अरं, आत्याबाई दोनदा होत्या की. एक कुठं घालवलीस?"

मी पुसलेली आजी परत आणली. नदीपासनं दारापर्यंत घागर घेऊन यायला लागायचा तेवढा वेळ त्या दोन आज्यांच्या मधे होता. जोड लपवायच्या नादात मी तोच पुसून बसलो होतो.

2024 च्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं. पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, तशी आमच्या गावाची जोतीही. वाडा पडलेला, माळवद कुठलं? वाड्याच्या जोत्यावर स्टँड रोवला, कॅमेरा उभा धरला, उजेडाचं माप सगळ्या फोटोंना एकच ठेवलं आणि फटीच्या बाजूला दोनदा फिरवून घेतलं. नवा फोटो जुन्यात बसणार नव्हता. उंची वेगळी, खाली भेगाळलेला गाळ.

काकूचं वय आता ऐंशीच्या पुढं. तिला मोबाईलवर दाखवलं. बोट लागलं की चित्र सरकायचं, तिला कळेना. मी धरून ठेवलं. गाळातल्या एका दगडाजवळ तिनं बोट नेलं.

"ह्यो आमचा उंबरा," म्हणाली. "आता मामंजींच्या फोटूत लाव."

तसा तो लागत नाही. म्हणून छापून, पुठ्ठ्यावर पाचव्या-सहाव्याच्या खाली, खळीनंच चिकटवलाय.